सोलापूरचा माळ, कोकणचा किनारा, कच्छचं रण : गाडी आणि तंबू घेऊन आडवाटेला जायचं तर

सोलापुरातून दरवर्षी थंडीत कुणी ना कुणी कच्छला निघतं. गाडी नवी, टायर नवे, टपावर कॅरियर, मागे दोन जेरीकॅन. सगळं असतं, फक्त गाडी कधी डांबर सोडून खाली उतरलेली नसते. मग पहिला धडा रणातच मिळतो, घरापासून बाराशे किलोमीटरवर, आणि तिथे ओढून काढायला ट्रॅक्टर नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की रणात आणि वाळूत जे शिकायला लागतं ते जवळजवळ सगळं आपल्या जिल्ह्यात शिकता येतं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, मैलोन्‌मैल उघडा माळ, काळी चिकण माती आणि उजनी धरणाचा गाळ. सरावाला याहून चांगली जागा कुठली? म्हणून हा लेख त्याच क्रमाने आहे. आधी माळावर एक रात्र, मग उजनीचा काठ, मग कोकण, आणि शेवटी कच्छ. मधली पायरी गाळू नका.

गाडीआधी जमीन

"कुठली गाडी घेऊ?" हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर सोपं आहे : जी आहे ती. साधी बोलेरो मुरमावरून जिथे जाते तिथे पावसानंतर काळ्या मातीत थारही बसते. फोर बाय फोर असली की चारही चाकं फिरतात. धरायला खाली काही नसेल तर चारही चाकं जागीच फिरतात.

आपल्याकडे ओळखायची पहिली जमीन म्हणजे मुरूम. पाणी मुरतं, चाक धरतं, पाऊस पडून दोन तासांत वाट चालू. तंबूही मुरमाड उंचवट्यावरच लावावा, फक्त खुंट्या लोखंडी हव्यात. ॲल्युमिनियमच्या नाजूक खुंट्या मुरमात वाकतात.

दुसरी काळी माती. कोरडी असताना भेगाळलेली, कडक, अगदी निर्धोक. ओली झाली की फुगते, चाकाच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं ते वेगळंच. यावर कुठल्याही टायरचा उपाय नाही. पाणंदीत उतरण्याआधी मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि तो खाली टाकल्यावर फुटला नाही, तर गाडी डांबरावरच ठेवा आणि चालत जा. चांगलं ऊन पडू द्या, तीच पाणंद परत उघडते.

तिसरी जमीन फसवी, आणि तिच्यासाठीच उजनीला जायचं. भीमेवरच्या या धरणाचं पाणी थंडीनंतर जसं उतरतं तशी गाळाची जमीन उघडी पडते. करमाळ्याच्या बाजूला शेतकरी त्या गाळपेरीत पिकं काढतात. तो गाळ वरून पांढरट, तडकलेला, चालायला टणक दिसतो. माणूस चालतो, म्हैस चालते, आणि गाडी आली की पापुद्रा फुटतो. काठावरच्या एका शेतकऱ्याने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं : "वरनं वाळलंय सायेब, आत लोणी हाय." नेमकी हीच गोष्ट कच्छच्या रणात आहे. फरक इतकाच की तिथे वरचा पापुद्रा मिठाचा असतो.

म्हणून काठाकडे जाताना पाण्यापासून बरंच अलीकडे गाडी थांबवा, उतरा आणि फावड्याने वीतभर खणा. खाली ओला, काळसर, चिकट थर लागला तर तिथून पुढे गाडी नाही. टाच जोरात दाबून बघणं हीसुद्धा चांगली खूण आहे. टाच सहज रुतली तर दोन टनांच्या गाडीचं काय होईल ते कळतंच. हे दोन्ही उजनीवर इतक्या वेळा करा की सवय होईल. रणात उन्हाने, उत्साहाने आणि समोरच्या पांढऱ्या सपाटीने डोकं चालत नाही, तिथे सवयच कामाला येते.

पहिली रात्र माळावर

जागा कुणाची तरी असते, हे आधी डोक्यात ठेवा. माळ दिसला म्हणजे मोकळा नव्हे. तो गायरान असतो, वनखात्याचा असतो किंवा कुणाच्या सातबाऱ्यावर असतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीने पक्षी बघायला जावं, मुक्कामाचा विचारही करू नये. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट, पण काळवीट आणि लांडगे आहेत, आणि त्यांच्या गवतात आपल्या गाडीला काहीही काम नाही.

पहिल्या रात्रीसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे पाहुण्यांचं रान. सोलापुरात ज्याचं कुणाचंच रान नाही असा माणूस शोधावा लागेल. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आपण तसेही दिवसभर शेतात असतोच, कोपीसमोर भज्जी आणि आंबील खाऊन. त्याच दिवशी रात्रीही तिथेच राहा. अमावस्या असल्याने आकाशही पूर्ण काळं मिळतं. पाहुणे नसतील तर गावात जाऊन सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला सांगा : किती माणसं, कुठली गाडी, कधी जाणार. रात्री अनोळखी गाडीचे दिवे शिवारात दिसले की गाव जागं होतं. विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीचा त्रास ज्यांना आहे त्यांचा यात काही दोष नाही.

या रात्रीचं काम एकच : काय विसरलं आणि काय उगीच आणलं ते कळणं. तंबू उजेडात लावा, मग तोच एकदा अंधारात लावून बघा. दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवा, गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा. ओढ्याच्या पात्रात, कितीही कोरडं असलं तरी, तंबू लावायचा नाही. बाभळीखाली तर नाहीच, काटा तंबूचा तळ आणि गादी दोन्ही फोडतो. वेडी बाभूळ याहून वाईट, तिचा काटा टायरमध्येही घुसतो. कच्छमध्ये बन्नीच्या गवताळ भागात हीच बाभूळ माजली आहे, तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात. म्हणजे पंक्चर काढायचा सराव इथे करून जाणं शहाणपणाचं.

वाळलेल्या माळावर शेकोटी नको. गवत पेटलं तर वारा तुमची वाट बघत नाही. गॅसची छोटी शेगडी, तिच्याभोवती पत्र्याचा आडोसा, शेजारी पाण्याची बादली.

वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, उघड्यावर मुक्काम करूच नये असं माझं मत आहे. दुपारी निरभ्र, संध्याकाळी पंधरा मिनिटांत वावटळ, वीज, कधी गारा. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान अशाच वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली. अवेळी सापडलात तर तंबू सोडून गाडीत बसा, काचा वर करा, झाडाखाली उभे राहू नका. आपला हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि शिमग्याला संपतो.

पाणी, भाकरी आणि अंथरूण

थंडीतही माणशी दिवसाला पाच लिटर धरा, त्यात पिणं आणि जेमतेम स्वयंपाक येतो. ऊन असेल तर सात-आठ. त्यावर एक दिवसाचा साठा जादा, त्याला हात लावायचा नाही. आणि सगळं पाणी एकाच मोठ्या जारमध्ये भरू नका. खड्ड्यात तो एक फुटला तर सगळं गेलं. पाच-पाच लिटरचे कॅन बरे, ते सीटखालीही बसतात.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला कुणी काही शिकवू नये. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, शेंगाची चटणी टिकते, आणि पहिल्या दिवशी थकून पोचल्यावर शेगडी पेटवायची गरज नाही. भाकरी कुस्करायची, वर चटणी आणि तेल, कांदा फोडायचा, झालं. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. कोरडं खाणं पाणी जास्त मागतं, तो हिशेब वरच्या आकड्यात धरा. आणि कोकणात समुद्राच्या हवेने कडक भाकरी एका रात्रीत मऊ पडते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्या. कापडात बांधलेली चालणार नाही.

सोलापुरी चादर घ्याच, पण पांघरायला तिच्यावर विसंबू नका. सुती चादर दव पिते आणि पहाटे गार लागते. कच्छमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो. नलिया तर बऱ्याचदा गुजरातमधलं सगळ्यात थंड ठिकाण असतं. स्लीपिंग बॅग आणि खाली फोमची चटई हवीच. चादरीचे उपयोग दुसरे : दुपारी गाडी आणि काठी यांच्यामध्ये बांधून सावली, आणि टोचन करताना, म्हणजे रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढताना, दोरावर टाकायला. ते पुढे सांगतो.

रात्री तंबूची चेन पूर्ण लावून झोपायचं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा चावा अनेकदा कळतही नाही. सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नका. साप चावला तर चिरणं, चोखणं, करकचून आवळणं काहीही करायचं नाही; तो अवयव हलू न देता १०८ ला फोन, आणि थेट प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय. कोकणातल्या लाल विंचवालाही हलक्यात घेऊ नका. तो हृदयावर परिणाम करतो, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून देईपर्यंत त्याने पुष्कळ माणसं मारली. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा. मोबाइलवर नको, कागदावर.

उन्हाने डोकं दुखणं, मळमळ, घाम थांबणं, बरळणं : पहिल्या दोन खुणांवरच थांबायचं, चौथीची वाट बघायची नाही. जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

टायरची हवा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

वाळूत गाडी बसते ती बहुतेक वेळा हवा जास्त असल्याने. डांबरावर ३२-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. ती उतरवली की टायर पसरतो, जमिनीवर टेकणारा भाग लांब होतो, वजन वाटलं जातं आणि चाक वाळू कापण्याऐवजी तिच्यावर चढतं. खडकाळ, दगडगोट्यांच्या वाटेवर २५-२६ पुरे. वाळूसाठी १८. तरी रुतली तर १५. साध्या रिमवर १२ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून निसटतो. हवा कमी असताना वेग कमी आणि वळण रुंद.

मोजायचं सकाळी, टायर गार असताना. दुपारी तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. पंपावरच्या काट्यावर भरवसा नको, स्वतःचा गेज घ्या. कॉम्प्रेसर असा घ्या की जो बॅटरीला थेट चिमट्यांनी लागतो. लायटरच्या सॉकेटवर चालणारे बारके पंप चौथ्या टायरपर्यंत फ्यूज उडवतात. आणि डांबरावर परत चढण्याआधी हवा भरायचीच. कमी हवेचा टायर हायवेवर तापून फुटतो.

बाकीचं सामान थोडक्यात : स्टेपनी, आणि तिच्यात खरंच हवा आहे का ते बघितलेलं, बाटली जॅक आणि त्याखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी, नाहीतर वाळूत गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो, ट्यूबलेस पंक्चरचं किट, फावडं, चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, नसतील तर चार रिकामी पोती, फॅन बेल्ट, फ्यूज, कूलंट, इंजिन ऑइल. इंजिनच्या ऑइल चेंबरला खाली लोखंडी गार्ड नसेल तर तो आधी बसवून घ्या. लाइट बार वगैरे नंतर.

रुतल्यावर

चाक फिरतंय आणि गाडी जात नाही, असं कळल्या क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. प्रत्येक जादा सेकंद म्हणजे आणखी दोन इंच खड्डा. उतरा, बघा. पोट टेकलेलं नसेल तर हवा आणखी कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे घ्या. मागची वाट दाबली गेलेली असते. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटन असेल तर ते बंद करा, नाहीतर इंजिन ऐन वेळी दम सोडतं.

पोट टेकलं असेल तर फावडं. चाकांच्या पुढे उतार करा, पोटाखालची वाळू काढा, पट्ट्या किंवा पोती चाकाला भिडवून घाला, आणि सगळ्यांना गाडीच्या मागून-पुढून बाजूला करा. पट्टी सुटून उडते.

टोचन करायचं असेल तर दोर चॅसीच्या हुकालाच. ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही. तो तुटला की गोळीसारखा येतो आणि त्याने माणसं मेली आहेत. दोराच्या मधोमध आपली जाड सोलापुरी चादर टाका म्हणजे तुटला तर तो वर उसळत नाही. बाकी माणसं दोराच्या लांबीपेक्षा दूर. हे सगळं एकदा पाहुण्यांच्या शेतात, ट्रॅक्टर उभा असताना, मुद्दाम करून बघा.

चालवतानाही थोडं वेगळं असतं. वाळूत ब्रेक मारला की चाकापुढे ढीग होतो, म्हणून गाडी आपोआप थांबू द्यायची, तीही उताराकडे तोंड करून. टेकाड सरळ चढायचं, सरळ उतरायचं. तिरकं गेलात तर गाडी लोळते. जिप्सी, थार, जिम्नीसारख्या गाड्यांमध्ये फोर बाय फोर टाकून कोरड्या डांबरावर चालवू नका, गिअरबॉक्सवर ताण येतो.

कोकण : भरतीचा हिशेब

सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी. रस्ता सरळ आहे, पण गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, घालायची नाही. पोलीस गुन्हे दाखल करतात. ओल्या वाळूत उभी केलेली गाडी भरतीत जाते, हे दरवर्षी कुठे ना कुठे होतंच. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली घरटं दबतं आणि तंबूच्या दिव्याने पिल्लं चुकतात. गाडी सुरूच्या बनामागे, गावाच्या परवानगीने. रात्री दिवा झाकलेला.

मुक्काम कुठे, हे भरती ठरवते. कोकणातला जुना हिशेब फार उपयोगी आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून नक्की वेळ गावातल्या मासेमारी करणाऱ्यांना विचारा.

हा हिशेब पौर्णिमेला आणि अमावस्येला लावून बघा, म्हणजे लोक कसे फसतात ते कळतं. भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास. चांदण्यासाठी पौर्णिमा निवडून माणसं संध्याकाळी पोचतात, तेव्हा किनारा सगळ्यात रुंद दिसतो. तंबू लागतो, जेवण होतं, झोप लागते, आणि मध्यरात्री उधाणाचं पाणी येतं. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती त्या मानाने सौम्य. कुठलीही तिथी असो, वाळूवर काटक्या, शिंपले आणि प्लॅस्टिकची जी सगळ्यात वरची ओळ असते ती शोधा आणि तिच्याही बऱ्याच वर, सुरूंपाशी, तंबू लावा.

कच्छ

जायचं डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात रणात पाणी भरतं आणि ते हळूहळू आटतं. दिवाळीत गेलेल्यांना पांढऱ्या मिठाऐवजी बऱ्याचदा चिखलच दिसतो. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, तो भिरंडियाराच्या नाक्यावर मिळतो. छोट्या रणात रानगाढवांचं अभयारण्य आहे, तिथे वनखात्याची परवानगी. हद्द जवळ असल्याने सीमा सुरक्षा दलाने अडवलं तर वाद न घालता मागे फिरा.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवून नेऊ नका. आपल्याकडे ते परवान्याशिवाय बेकायदा आहे, आणि सीमेवर सापडलं तर ट्रिप पोलीस ठाण्यात संपते. त्याऐवजी जुनी पद्धत : घरच्या एका माणसाकडे रोजचा मार्ग लिहून द्यायचा आणि ठरलेल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं तेही. नकाशे आधी उतरवून घ्या.

रणात गाडी चाकोरी सोडून न्यायची नाही. मिठाच्या थरावर वाट दिसत नाही, अंतर कळत नाही, दुपारी मृगजळात समोर पाणी आहे की नाही तेही कळत नाही. खावड्याहून धोळावीराकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या रणातून जातो. ज्यांना रण बघायचं आहे त्यांनी तो रस्ता धरावा, गाडी त्याच्यावरच ठेवावी आणि पायी खाली उतरावं. धोळावीरा २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, खडीर बेटावरच्या गावात राहायची सोय होते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरड्या जागी पाणी साठवायला खोदलेले हौद बघून सोलापूरकर थोडा वेळ तरी गप्प होतो. वाळूत तंबू हवाच असेल तर मांडवीच्या बाजूला गावकऱ्यांना विचारून.

डिझेलचा हिशेब वाळूत आणि कमी हवेवर बिघडतो. नेहमीच्या दीडपट धरा आणि टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरा. जादा न्यायचं तर लोखंडी जेरीकॅन, तोंडापर्यंत न भरलेला, गाडीच्या बाहेर बांधलेला.

डब्याला जायचं तर पाण्यापासून साठेक मीटर लांब, वीतभर खड्डा, वर माती. कागद आणि प्लॅस्टिक पोत्यात भरून परत आणायचं. येताना पोती रिकामी असतातच.

परत आल्यावर झोपण्याआधी गाडी वॉशिंगला द्या. कोकण असो की रण, मीठ खालून चिकटलेलं असतं आणि ते चॅसी, ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सर खातं. रॅम्पवर चढवून, चाकं काढून, खालून गोड्या पाण्याचा फवारा मारायला सांगा. नुसता बॉडीवॉश उपयोगाचा नाही. एअर फिल्टर झटका किंवा बदला, चाकांचे नट परत आवळा, आणि स्टेपनीची हवा पुन्हा बघा.